मासा हरवतो ती जागा

दुपारी चारच्या सुमाराला सोनमासा टाकीच्या मधोमध पोचला आणि माझ्या मुलीची नजर त्याच्यावरून सुटली. नुसती दुसरीकडे वळली असं नाही. जिन्यात अजून एक पायरी आहे असं धरून आपण पाय टाकावा आणि ती नसावी, तशी नजर क्षणभर अधांतरी राहिली, मग खाली स्टँडच्या लाकडावर उतरली आणि तिथल्या एका स्क्रूपाशी रेंगाळली. मासा पलीकडून बाहेर पडला, शेपटी हलवत कोपऱ्यापर्यंत गेला, वळला. तिला पत्ता नव्हता. मी बाजूला जमिनीवर कपड्यांच्या घड्या घालत बसले होते. एकदा होतं असं, म्हटलं. मासा परत आला, तिला दिसला, तिने आनंदाने दोन्ही हातांनी जमीन थोपटली, डोळे त्याच्याबरोबर निघाले आणि अगदी त्याच ठिकाणी पुन्हा सुटले. तिसऱ्या वेळी मी हातातलं झबलं खाली ठेवलं.

अकरा महिन्यांची आहे ती. मागच्या खेपेला बालरोगतज्ज्ञांनी तिच्या डोळ्यांसमोरून छोटी बॅटरी इकडून तिकडे फिरवली होती आणि कागदावर काही लिहिता लिहिता सहज म्हणाले होते, ठीक वाटतंय, नजर हलत्या वस्तूमागे फिरते का याकडे जरा लक्ष ठेवा. लक्ष ठेवा, असं मला सांगायची काही गरज नव्हती. मी गॅस बंद केला की नाही हे बघायला दोन मजले चढून परत येणारी बाई आहे. तिच्या जन्मापासून तर मला झोपेतही एक डोळा उघडाच ठेवल्यासारखं वाटतं. मासाही त्या लक्ष ठेवण्यातूनच आला. हलती वस्तू लहान मुलांच्या नजरेला चांगली, असं कुठल्याशा पुस्तकात वाचलं आणि चार दिवसांत टाकी घरात. बैठकीची खोली आणि जेवणाची जागा यांच्यामध्ये आडोशासारखी एका बुटक्या स्टँडवर ती बसवली, म्हणजे दोन्हीकडून दिसेल, आणि जमिनीवर बसलेल्या मुलीच्या बरोबर तोंडासमोर येईल. पाण्याची पातळी खाली जाऊ देऊ नका, पंप जळतो, असं दुकानदाराने बजावलं होतं. तीही मी जाऊ दिली नाही. सकाळ-संध्याकाळ मगातून पाणी घालत राहिले. आमच्या इमारतीचं पाणी जड, डाळ शिजायची नाही त्यात, पण माशाला चालत होतं. काच थोडी धुरकट झाली होती खरी. रोज सकाळी नऊच्या सुमाराला ओल्या फडक्याने पुसली की लख्ख व्हायची.

त्या दुपारनंतर मी एक वही केली. डावीकडे वेळ, उजवीकडे काय झालं ते. सकाळी नऊ, चार वेळा पूर्ण पाहिलं. दुपारी चार, मध्यावर सुटली. दुपारी सव्वाचार, सुटली. सकाळी नऊ, पूर्ण. सहा दिवसांत वहीने एक आकार घेतला आणि तो आकार मला भयंकर वाटायला लागला, कारण आकार आहे म्हणजे कारण आहे. सकाळी ठीक, दुपारी नाही. म्हणजे दिवस चढेल तसं काहीतरी दमतं. नस दमते, डोळ्यामागचं काहीतरी दमतं. फोनवर शोधलं तर जगातले सगळे वाईट आजार दुपारीच बळावतात असं दिसलं. नवऱ्याला वही दाखवली. त्याने पानं उलटली आणि म्हणाला, "अगं, कंटाळते ती. तोच मासा, तीच टाकी. तू बघ ना सलग पाच मिनिटं त्याच्याकडे, तूही स्क्रू बघायला लागशील." मी हसले नाही तेव्हा त्याने वही बंद करून नीट माझ्या हातात दिली. "घे वेळ डोळ्यांच्या डॉक्टरांची. तुझ्या मनाचं समाधान." मनाचं समाधान हा शब्द त्याने असा उच्चारला, जणू तो माझा एखादा लाडावलेला नातेवाईक आहे. वेळ गुरुवारची मिळाली.

मंगळवारी वन्सं आल्या. नवऱ्याच्या थोरल्या बहिणीला वन्सं म्हणणारी आमच्या मैत्रिणींत मी एकटीच उरले असेन, पण त्यांना ताई म्हणायला माझी जीभ वळत नाही आणि नावाने हाक मारण्यासारख्या त्या नाहीत. लग्न केलं नाही त्यांनी. एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं होत्या आणि मागच्याच महिन्यात निवृत्त झाल्या. माझं लग्न ठरताना घरच्यांनी "बहीण लॅबमध्ये असते" एवढंच सांगितलं होतं. पांढरा कोट घातलेली, केस मागे बांधलेली कुणीतरी संशोधक मी मनात उभी केली होती. लग्नानंतर कळलं की त्या काचसामान धुतात. परीक्षानळ्या, चंचुपात्रं, ब्युरेट, दिवसाला तीनचारशे नग. मला वाईट वाटलं नव्हतं, एवढं म्हणण्याइतकी मी शहाणी आहे. पण शेजारणीने विचारलं तेव्हा मीही "लॅबमध्ये असतात" इतकंच म्हटलं होतं.

आल्या त्या एक पिशवी घेऊन. मुलीला त्या ठकी म्हणतात. तिला मांडीवर घेतलं, तळवे हुंगले, मग भाच्यासाठी म्हणून आणलेल्या मोज्यांची जोडी बाहेर काढली, आणि भाचा नाही भाची आहे हे आपल्याला माहीत असूनही दुकानात तोंडून भाचाच निघालं, म्हणून स्वतःवरच हसल्या. मग चहा पिता पिता टाकीकडे बघून म्हणाल्या, "काचेला क्षार बसलेत." एवढंच. मला ते लागलं. माझ्या घरातल्या धुळीला कुणी बोट लावल्यासारखं. मी म्हटलं, "रोज पुसते मी." "हो ना, दिसतं ते," त्या म्हणाल्या आणि यात टोमणा होता की नाही हे मला रात्रीपर्यंत ठरवता आलं नाही.

बुधवारी अकराच्या सुमाराला मुलीला झोपवून बाहेर आले, तर त्यांनी पदर खोचलेला आणि टाकीच्या पंपाची पिन काढून ठेवलेली. डॉक्टरांकडे जायच्या आधी मला आज चारची एक शेवटची नोंद हवी होती.

"वन्सं, आज नको."

"का?"

"उद्या आम्हाला बाहेर जायचंय."

"मग उद्या नको म्हण. आज कशाला अडतंय?"

"घासणी आणू का?" मी विचारलं, निदान लवकर आटपेल म्हणून.

"चरे पाडायचेत का? डाग निघतो. चरा पडला की तो तुझ्या नातवंडांपर्यंत राहील." त्यांनी ओट्यावरून पांढऱ्या व्हिनेगरची बाटली उचलली, वास घेतला. "आणि साबण माशाच्या जवळपाससुद्धा नाही. आमच्याकडे ॲसिड असायचं, पण आमच्याकडे मासे नसायचे. हे पुरतं. वेळ लागतो, बाकी काही नाही. माझ्याकडे सध्या आहे वेळ."

मग मी बसले. मदत करायला म्हणून बसले, खरं तर नजर ठेवायला. त्यांनी धुतलेल्या बादलीत निम्मं पाणी काढून घेतलं, इतक्या हळू की मासा आपल्याच जागी पंख हलवत राहिला, फक्त त्याचं छत खाली आलं. उघड्या पडलेल्या काचेवर आतून एक आडवी पांढरी पट्टी होती, रांगोळीच्या रेघेसारखी सरळ. बाहेरून मात्र वेगळंच. वरच्या काठापासून मधोमध एक लांबट जीभ खाली लोंबत होती, हातभर लांब, कडेला विरळ आणि आत दाट, एकावर एक वाळलेल्या ओघळांची. मी ती रोज पाहिली होती आणि कधीच पाहिली नव्हती. वन्सं जमिनीवर बसल्या, मग आणखी खाली सरकल्या, पाठीला बाक देऊन, हनुवटी गुडघ्यांवर टेकवून. त्यांच्या वयाच्या बाईने असं का बसावं ते कळेना. म्हणाल्या, "डोळा रेषेच्या पातळीत आणल्याशिवाय काच कळत नाही. आमचे सर मुलांना ओरडायचे, वरून वाचू नका, वाका, वाका. एक वाकेल तर शपथ. मी खिडकीतून बघायची." आणि मला माझ्या कॉलेजातली प्रयोगशाळा आठवली, लांबलचक काळी टेबलं, नाकात बसलेला तो आंबट वास, आणि टोकाच्या भिंतीतली बुटकी खिडकी, जिच्यातून दोन हात स्वच्छ नळ्यांचा स्टँड पुढे सरकवायचे. फुगलेली बोटं, पांढुरकी नखं, मनगटावर रबराचा बँड. तीन वर्षं मी त्या हातांतून सामान घेतलं. पहिल्या वर्गात पास झाले. खिडकी बुटकी होती, तोंड बघायचं तर वाकावं लागलं असतं.

"रोज पाणी घालतेस?" वन्संनी विचारलं.

"दोनदा. कमी दिसलं की."

"आणि इथूनच." त्यांनी बोटाने ती जीभ वरपासून खालपर्यंत काढली. "मगाचं तोंड इथे टेकतं, थोडं बाहेर सांडतं. पाणी उडून जातं, क्षार कुठे जाणार? तुझ्या हाताची सही आहे ही." मग माझा चेहरा बघून म्हणाल्या, "अगं, गुन्हा नाही तो. काळजीवाल्यांच्याच घरी असे ओघळ असतात. बेफिकीर माणसाचा मासा आधीच मेलेला असतो."

मी म्हटलं, "पण पुसलं की जातं हो ते." त्यांनी ओलं फडकं त्या जिभेवरून फिरवलं. काच लख्ख झाली. "गेलं?" "गेलं." "थांब आता." पंखा चालू होता. आम्ही दोघी त्या काचेकडे बघत बसलो, आणि कडेकडून, आधी विरळ, मग दाट, ती जीभ परत उमटत आली, फोटो धुताना चेहरा वर येतो तशी. "ओल्या काचेवर भरवसा ठेवायचा नाही," वन्सं म्हणाल्या. "वाळेपर्यंत थांबायचं. मग ती खरं बोलते." माझ्या अंगावर काटा आला आणि का आला ते मला लगेच कळलं नाही. कळायच्या आधी एखादी गोष्ट त्वचेला कळते. सकाळी मी पुसते. सकाळी ठीक. दुपारी वाळलेलं असतं.

वन्सं अजून तशाच वाकून बसल्या होत्या. मासा त्यांच्या डाव्या हाताकडून निघाला. त्या त्याच्याकडे बघत होत्या, कामातलं माणूस मध्येच आरामात काहीतरी बघतं तसं. "ठकी इथेच बसते ना? मग हा तिला दिसत असेल कसा? इथे हरवतो बघ मासा."

मी त्यांच्या शेजारी जमिनीवर आडवी झाले. अक्षरशः आडवी, गाल फरशीला टेकेल इतकी, मग कोपरावर उठत उठत तिच्या डोळ्यांच्या उंचीवर थांबले. पश्चिमेची खिडकी आमच्या पाठीशी होती, ऊन अजून तिरपं व्हायचं होतं, तरी त्या उंचीवरून ती जीभ धुरकट नव्हती, भिंत होती, पांढरी. मासा आला, नारिंगी, ठसठशीत, आणि भिंतीत शिरला. माझी नजर पुढे जाऊन अडखळली आणि खाली उतरली. समोर स्क्रू होता. सहा दिवस मी तिच्या बाजूला बसून तिच्या डोळ्यांकडे पाहत होते, पापणी किती लवते, बुबुळ कुठे थांबतं, श्वास रोखून, घड्याळ लावून. ती बघते तिकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

उठून वही आणली आणि वन्संच्या हातात दिली. त्यांनी ओले हात पदराला पुसले, चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागल्या, ओठ किंचित हलवत, एकही ओळ न गाळता. नवऱ्याने अर्ध्या मिनिटात उलटलेली पानं त्यांनी दहा मिनिटं वाचली. त्या हसतील असं मला वाटलं होतं. हसल्या असत्या तर मीही हसून सुटले असते. चष्मा काढून म्हणाल्या, "नोंद अशीच ठेवायची असते. वेळ आहे, किती वेळा ते आहे. फक्त काचेचं लिहिलं नाहीस. कधी पुसली, कधी वाळली." मग, "एवढं एकटीने वाहत होतीस होय."

"मग उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं रद्द करू?"

"कशाला? जाऊन या. मी काच बघितली, डोळा नाही बघितला. डोळ्याची माणसं वेगळी."

हे वाक्य मला अजून आठवतं. आपल्याला काय कळत नाही हे दुसरं कुणी इतकं शांतपणे सांगू शकलं असतं का, मला माहीत नाही. आमच्या घरात सगळ्यांना सगळ्यातलं कळतं. मला तर फोनवर सगळंच कळलं होतं.

मग काम सुरू झालं. जुन्या सुती साडीच्या पट्ट्या व्हिनेगरमध्ये भिजवून, पिळून, त्यांनी त्या काचेवर चिकटवल्या, भाजलेल्या त्वचेवर ठेवाव्यात तशा, बुडबुडा न राहू देता. आतल्या बाजूला पट्टीच्या खाली कोरड्या फडक्याची घडी धरायचं काम मला दिलं, थेंब पाण्यात जाऊ नये म्हणून. "हात दमला तर सांग, सांडलं तर नको सांगूस, मला दिसेलच." वीस मिनिटांनी पट्टी उचलली, नखाने चाचपलं, मान हलवली, पुन्हा भिजवली. कुठेही जोर नाही. मी स्वतः आयुष्यात काहीही स्वच्छ केलं आहे ते रागाने, दात आवळून. या बाईचा हात काचेवरून जात होता तेव्हा ती काचेला काही करत होती असं वाटत नव्हतं, तिच्यावर चढलेलं ओझं उतरवून घेत होती. मध्ये मध्ये बोलत होत्या. "तुझ्या नवऱ्याला मीच अंघोळ घालायची. या माशापेक्षा निसटायचा. एकदा साबणासकट रस्त्यावर पळाला, मी मागे लोटा घेऊन." तिसऱ्या पट्टीनंतर त्यांनी पिशवीतून एक प्लास्टिकचं कार्ड काढलं आणि त्याच्या कडेने, अगदी आडवं धरून, भुसभुशीत झालेला क्षार सारायला सुरुवात केली. पांढरी पूड कार्डावर जमायची, त्या ती फडक्याला पुसायच्या. दोनदा पुसल्यावर मला कार्डावरचा फोटो दिसला. त्यांचंच ओळखपत्र, कॉलेजचं, केस काळे, नजर थेट.

"वन्सं, हे कशाला? दुसरं देते ना."

"याची कड गोल झालीये एकतीस वर्षांत. काच दुखत नाही." फोटोवरची पूड त्यांनी अंगठ्याने पुसली. "परत द्यायचं होतं. मागितलं नाही कुणी."

आतली बाजू, बाहेरची, मग जेवणाच्या जागेकडची काच, जिच्याकडे बघायचं मला सुचलंही नव्हतं. साध्या पाण्याने दोनदा पुसणं. शेवटी त्यांनी कपभर पाणी बाहेरच्या काचेवरून वरून सोडलं आणि मला बोलावलं. पाणी एकसंध पडद्यासारखं खाली आलं, कुठे फाटलं नाही, कुठे थेंब होऊन अडकलं नाही. "असं उतरलं तर काच स्वच्छ. थेंब राहिला तर परत धुवायची, पोरांचा प्रयोग चुकतो," त्या म्हणाल्या. माझा प्रयोग कॉलेजात कधीच चुकला नव्हता. ती माझी हुशारी, असं मी समजत आले होते. भिंतीच्या पलीकडे कुणीतरी प्रत्येक नळीतून असं पाणी सोडून पाहत होतं, थेंब राहतो का म्हणून, आणि मग ती नळी माझ्याकडे सरकवत होतं. बादलीतलं पाणी हळूहळू परत टाकीत गेलं. मासा छताबरोबर वर आला. पंप गुरगुरला. "आता रोज घालायचं नाही," वन्संनी सांगितलं. "आठवड्याला थोडं काढायचं, तेवढंच घालायचं. आणि मगाचं तोंड काठाला टेकवायचं नाही."

पंखा चालू ठेवून आम्ही काच वाळेपर्यंत थांबलो.

चारला ऊन खिडकीतून थेट टाकीवर आलं. मुलगी दुपारच्या दुसऱ्या झोपेतून उठली होती, दूध पिऊन झालं होतं. तिला तिच्या जागी बसवलं आणि सवयीने बाजूला बसायला लागले, तर वन्सं म्हणाल्या, "बाजूने काय दिसणार? पलीकडे जा. समोरून बघ." मी जेवणाच्या जागेत जाऊन टाकीमागे, बरोबर मधोमध, गुडघ्यांवर बसले. दोन काचा आणि मधलं पाणी ओलांडून तिचा चेहरा दिसत होता, काचेवरून परतलेल्या उन्हात, नाकाखालच्या दुधाच्या मिशीसकट. मध्ये काहीच नाही असं वाटत होतं. मासा तिच्या डावीकडून निघाला. तिने जमीन थोपटली. डोळे निघाले. मी श्वास रोखला नाही असं म्हणता येणार नाही. मध्य आला, गेला, मासा पुढे, डोळे पुढे, पार कोपऱ्यापर्यंत, आणि मासा वळला तेव्हा तिची मानही वळली. वन्सं तिच्यामागे भिंतीला टेकून बसल्या होत्या, हात मांडीवर, बोटं अजून फुगलेली.

मासा परत निघाला. डोळे त्याच्यामागे. आणि मधोमध, त्याच ठिकाणी, ती थांबली. मासा पुढे गेला आणि नजर तिथेच राहिली. उद्याचा दवाखाना, ती खुर्ची, डॉक्टरांची छोटी बॅटरी. वन्संकडे पाहावं म्हणून मी मान हलवली, आणि तिचे डोळेही हलले. मी डावीकडे झुकले. तेही डावीकडे आले. उजवीकडे. उजवीकडे. मग तिने दोन्ही हात वर उचलले आणि जोरजोरात जमीन थोपटायला लागली, दुधाच्या मिशीखालचे दोन दात दाखवत.

मासा पलीकडून बाहेर पडला, शेपटी हलवत कोपऱ्यापर्यंत गेला, वळला. तिला पत्ता नव्हता.